बाह्यवळण

जानेवारी. गेंटमध्ये पाचलाच दिवे लागतात.
जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय,
एका कोपऱ्यावर मोहरीची बरणी,
दुसऱ्यावर फिर्मिनचा चष्मा.
मे महिन्यात निघायचं, मी म्हणते.
लक्झेंबर्ग, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली,
तिथून स्लोव्हेनिया,
आणि पैसे उरले तर ऑस्ट्रियातून परत.

एकतीस वर्षं त्यानं ट्रक चालवला
याच रस्त्यांवरून.
मी शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते,
आणि तो आत्ता कुठे असेल
हे भिंतीवरच्या घड्याळाला विचारत होते.

म्हणून आता त्याला विचारते:
स्ट्रासबुर्ग कसं आहे रे?
तो आठवू लागतो. खोटं बोलता येत नाही त्याला.
"चौदा नंबरचा धक्का. पाऊस पडला की पाणी साचतं."
आणि मिलान?
"तिथला फोर्कलिफ्टवाला भला होता, कॉफी पाजायचा.
मग त्याची कंबर गेली."
व्हेरोना?
"टोलनाका."

मी पेन्सिल खाली ठेवते.

माहीत नाही असं नाही, खूप माहीत आहे त्याला.
कुठल्या पुलावर वारा रिकाम्या गाडीला ढकलतो,
कुठल्या पंपावर रात्री दोन वाजता
गरम सूप मिळतं आणि कोणी काही विचारत नाही.
"सही", "वजन", "उद्या या"
हे त्याला सहा भाषांत येतं.
"सुंदर" एकाही भाषेत येत नाही,
आपल्याही नाही, असं माझी बहीण म्हणते.

शहर जवळ आलं की पाटी यायची,
लाल गोलात ट्रकचं चित्र. आत मनाई.
मग बाह्यवळण घ्यायचं, उजवीकडून,
लांबून एखादा मनोरा दिसायचा, आरशात लहान होत जायचा.
एकतीस वर्षं नुसत्या प्रदक्षिणा,
गाभाऱ्यात पाऊल नाही.

"आपल्या गाडीची उंची किती?" तो एकदम विचारतो.
दीड मीटर, फिर्मिन.
कुठल्याही कमानीखालून जाईल.
त्याचं समाधान होत नाही. वहीत लिहून घेतो: दीड.
खाली लिहितो: साडेचार तासांनी पाऊण तास थांबा.
अरे, तो नियम ट्रकचा होता.
"पाठीचाही होता," तो म्हणतो.

सूप निवतं. मी लुब्लियानाचा पूल वाचून दाखवते,
चार कोपऱ्यांवर चार ड्रॅगन, शेपट्या हिरव्या.
तो ऐकतो, पण बोट नकाशावर दुसरीकडेच फिरतंय,
ब्रेशियाच्या पुढे, व्हेरोनाच्या अलीकडे.
तिथे एक पार्किंग होतं म्हणे,
दोन गोदामांच्या मधे एक फट,
आणि फटीत निळं काहीतरी.
"अकरा वर्षं बघितलं.
एकदा वाटलं ताडपत्री असेल."

मी चष्मा उचलून नकाशावर धरते.
तिथे गार्डा नावाचं सरोवर आहे.
एवढं मोठं, की माझ्या तळव्याखाली झाकलं जात नाही.
तो बराच वेळ काही बोलत नाही.
मग माझ्याच पेन्सिलीनं टिंब काढतो,
इतकं दाबून, की टोक मोडतं.

मी व्हेनिसमधला एक दिवस खोडला.
इथून तिथे किती वेळ लागेल?
"तेरा तास. म्हणजे ट्रकनं.
दोन दिवसांत विभागून."
आणि आपल्या गाडीनं?
"कुणास ठाऊक."

आज तो बाजारातून पिशवी घेऊन आला.
धोक्याचा त्रिकोण, जादा बल्ब,
आणि चमकणारी जाकिटं, गाडीत माणशी एक हवंच म्हणतात.
एक त्याच्या मापाचं. तसलं त्याच्याकडे कायम होतं,
दाराच्या मागे टांगलेलं, डिझेलचा वास.
दुसरं त्यानं माझ्यासमोर धरलं,
खांद्याला लावून पाहिलं,
दुकानदाराशी वाद घालून म्हणे लहान माप आणलंय.

भांडी घासायची राहिली होती.
मी ते घालूनच घासली.